गरोदरपणात अफूवर्गीय गोळ्या: बाळाच्या मेंदूचं काय होतं आणि सीमाभागातल्या घरांनी काय करायचं

बाकीचं सवडीनं वाचलं तरी चालेल, पण एवढं आधी वाचा. घरातली गरोदर बाई रोज ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा अफूच्या जातीचं दुसरं काही घेते असं आज कळलं, तर आजच ते तिच्या हातातून काढून घेऊ नका. रोजची सवय एकदम तोडली की चोवीस तासांच्या आत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब आणि पोटात कळा सुरू होतात. यालाच उतार म्हणतात. गर्भाशय आकसतं, नाळेतून बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी पडू शकतो, वेळेआधी कळा येऊ शकतात. चार-आठ दिवसांनी सहन न होऊन तिनं पुन्हा जुन्याच मापानं गोळ्या घेतल्या, तर मधल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते आणि तोच डोस श्वास बंद पाडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली गरोदरपणातल्या व्यसनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. अफूवर्गीय व्यसन असेल तर गरोदरपणात ते तोडण्यापेक्षा देखरेखीखालचं बदली औषध चालू ठेवावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. बदली औषध म्हणजे काय, ते पुढे येईल.

महिन्यातून एखादी गोळी घेतलेली बाई वेगळी आणि गेले तीन महिने रोज चार गोळ्या घेणारी वेगळी. पहिलीनं थांबायचं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं, एवढंच. खालचा बराचसा मजकूर दुसरीसाठी, आणि तिच्या सासू, नवरा, आई, आशाताईंसाठी आहे.

पट्टीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

अफूची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, आपल्याकडे नाही. म्हणून ‘अफू’ म्हटलं की ते आपल्या दारचं नव्हे, असं वाटतं. पण त्याच कुळातली औषधं ‘अंगदुखीची गोळी’, ‘कंबरेची गोळी’, ‘खोकल्याचं सिरप’ अशा साध्या नावांनी कोणाच्याही कपाटात असू शकतात. मेडिकलमधून बिलाशिवाय आलेली सुटी कापलेली पट्टी असेल तर नावसुद्धा अर्धंच उरतं.

पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. त्यात ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन फॉस्फेट, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, मॉर्फिन किंवा फेंटानिल यांतलं नाव शोधा. जुलाब थांबवणाऱ्या काही गोळ्यांत डायफेनॉक्सिलेट असतं, तेही याच कुळातलं. ट्रॅमाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉल किंवा डायसायक्लोमिनबरोबर एकाच गोळीत असतं. त्यामुळे ‘मी फक्त पॅरासिटामॉल घेते’ हे बाईला मनापासून खरं वाटत असतं. यांतली बहुतेक औषधं अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत, म्हणजे दुकानदारानं चिठ्ठी बघून वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. ट्रॅमाडॉल तर एप्रिल २०१८ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठी न मागता कुणी ते देत असेल, तर त्या दुकानातून काहीच घेऊ नये.

नाव सापडलं की चार गोष्टी कागदावर लिहा: औषधाचं नाव, एका गोळीत किती मिलिग्रॅम, दिवसात किती गोळ्या, आणि कधीपासून. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हेही. रिकामी पट्टी टाकू नका, पिशवीत ठेवा. डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा ती पट्टी जास्त उपयोगी पडते.

खसखशीबद्दल हमखास विचारलं जातं, कारण आपल्याकडे दिवाळीला खसखशीचे अनारसे आणि शेजारच्या कन्नड घरात गसगसे पायस. दाणा अफूच्याच झाडाचा असला तरी त्यात चीक नसतो. वरवर लागलेला अंश धुण्या-भाजण्यात बराच जातो. सणाला खाल्लेल्या अनारशानं बाळाला काही होत नाही. मात्र लघवीची तपासणी व्हायची असेल तर दोन-तीन दिवस खसखस टाळा आणि खाल्ली असल्यास आधी सांगा, नाहीतर अहवालात उगाच मॉर्फिन दिसायचं. डोडा किंवा बोंडाचा काढा मात्र वेगळा. ती अफूच.

दिवस मोजण्यातली चूक

दवाखान्यात आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. बाळाची घडण मात्र गर्भधारणेपासून, म्हणजे त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू होते. या दोन आठवड्यांच्या फरकात पुष्कळ गोंधळ होतो.

हिशेब असा. पाळी २८ दिवसांची धरली तर गर्भधारणा चौदाव्या दिवसाच्या आसपास. पाळी चुकते त्या दिवशी गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू ज्या नळीतून बनते ती नळी गर्भधारणेनंतर २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे झाले की तो टप्पा संपला. तोपर्यंत कित्येक बायकांची लघवीची तपासणीसुद्धा झालेली नसते. म्हणून ‘दिवस गेल्याचं कळल्यावर बंद करते’ हा बेत या पहिल्या टप्प्यापुरता तरी उशिराचा असतो. मूल हवं असलेल्या बाईनं औषधांची चौकशी आधीच करायची.

करंजीची मुरड

गर्भधारणेनंतर अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पाती तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या कडा दाबाव्यात तशा जुळतात. जुळणी मानेच्या भागात सुरू होते आणि तिथून वर डोक्याकडे, खाली कमरेकडे सरकते. डोक्याकडचं टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, कमरेकडचं दोन-तीन दिवसांनी. वरची मुरड उघडी राहिली तर कवटी आणि मेंदूच घडत नाही आणि ते बाळ जगत नाही. खालची राहिली तर पाठीचा कणा उघडा राहतो, पायांतली ताकद आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

या टप्प्यात अफूवर्गीय औषध घेतल्यास काय होतं? अमेरिकेत २०११ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, गर्भधारणेच्या आगेमागे ही औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत मज्जानलिकेचे, म्हणजे याच नळीचे, दोष साधारण दुप्पट आढळले. त्यानंतर २०२१ साली खूप मोठ्या संख्येच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एकूण जन्मदोषांत मोठी वाढ दिसली नाही. टाळू फाटलेली असण्याचं प्रमाण मात्र थोडं वाढलेलं होतं. ‘दुप्पट’ शब्दानं घाबरण्याआधी आकडा मांडून बघा: हजारात एका बाळाला होणारी गोष्ट दुप्पट झाली तरी हजारात दोघांना होते, ९९८ बाळं त्यातून सुटतात. केवळ या भीतीपोटी गर्भपाताचा निर्णय घेणं आम्हाला पटत नाही. अठराव्या आठवड्याची सोनोग्राफी होऊ द्या.

या टप्प्यावर ज्याचा खरा उपयोग आहे ते फॉलिक अॅसिड. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, पहिले तीन महिने संपेपर्यंत. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डोस दसपटीनं मोठा लागतो, तो डॉक्टर लिहून देतात. आणखी एक औषध इथे विचारून घ्या: फिटसाठी किंवा मनाच्या आजारासाठी सोडियम व्हॅलप्रोएट चालू आहे का? मज्जानलिकेच्या बाबतीत ट्रॅमाडॉलपेक्षा ते कितीतरी घातक आहे. ते आपण होऊन बंद करायचं नाही, पण बदलून घ्यायला त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

नळी बंद झाल्यानंतर

लोकांची समजूत अशी की तीन महिने पार पडले की धोका टळला. हातपाय आणि हृदयाच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. मेंदूच्या बाबतीत नाही, कारण त्याचं काम तेव्हा कुठे भरात येत असतं.

गर्भधारणेनंतर पाचव्या आठवड्यापर्यंत नळीच्या वरच्या टोकाला पाच फुगे येतात, त्यांतून मेंदूचे भाग बनतात. मग आतल्या अस्तरात चेतापेशी जन्माला येऊ लागतात. बाराव्या ते विसाव्या आठवड्यात या पेशी आतून बाहेरच्या थराकडे चढत जातात, मांडवावर वेल चढावा तशा आधार-पेशींच्या लांब धाग्यांना धरून. जागेवर पोहोचल्यावर त्यांना फांद्या फुटतात आणि शेजारच्या पेशींशी जोडण्या होतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात या तारांवर मायलिनचं आवरण चढू लागतं आणि ते काम जन्मानंतर कित्येक वर्षं चालतं.

या बांधकामात शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या रसायनांचा, एंडॉर्फिन आणि एन्केफॅलिनचा, हात असतो. त्यांना पकडणारे रिसेप्टर गर्भाच्या मेंदूत फार लवकर दिसू लागतात, आणि ही रसायनं पेशींच्या विभाजनाला वेळेवर लगाम घालतात. बाहेरून आलेली गोळी नाळेतून सहज पार होते आणि त्याच रिसेप्टरवर बसते, पण शरीराच्या वेळापत्रकाला न जुमानता तासन्‌तास. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यामुळे नव्या चेतापेशी कमी बनलेल्या, पेशींच्या फांद्या आखूड राहिलेल्या आणि मायलिन चढण्याची वेळ बदललेली दिसली आहे.

माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. अशा बाळांत डोक्याचा घेर आणि जन्मवजन सरासरीनं थोडं कमी भरतं. एमआरआयच्या काही छोट्या अभ्यासांत मेंदूच्या काही भागांचं आकारमान कमी आढळलं. पण त्या आयांपैकी पुष्कळजणी तंबाखूही घेत होत्या, कुणी दारू, कुणाचं पोट भरत नव्हतं. त्यातलं किती कशामुळे, ते वेगळं काढणं अवघड आहे. आपल्याकडे हा मुद्दा कोपऱ्यात टाकण्यासारखा नाही. निपाणीचा पट्टा तंबाखूचा, विडी वळणाऱ्या हातांचा, आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय तोंड न धुणाऱ्या बायका गावोगाव आहेत. निकोटिन बाळाचं वजन स्वतंत्रपणे कमी करतं, आणि आईच्या तंबाखूमुळे जन्मानंतर बाळाला येणारा गोळीचा उतारही जास्त तीव्र होतो. गोळी सोडवणारे डॉक्टर मिश्रीचं आपण होऊन विचारतीलच असं नाही. तुम्ही सांगा.

कुठे जायचं आणि काय बोलायचं

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. पहिली गाठ तिथे घालता येते. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी इथल्या रुग्णालयांतून पुढे बेळगावला पाठवतात: जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, किंवा नेहरूनगरचं केएलई रुग्णालय. प्रसूती, बालरोग आणि मनोविकार हे तिन्ही विभाग एका छताखाली असलेलं ठिकाण निवडायचं, कारण ही केस तिघांची मिळून असते. व्यसनमुक्तीच्या खास उपचारांसाठी धारवाडची डिमहान्स संस्था जवळ आहे. दाराशी जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. टेलिमानसवर भाषा निवडता येते, कन्नड येत नसेल तर अडत नाही.

नोंदणीच्या खिडकीवर भाषेची अडचण येते ती बऱ्याचदा शब्दापुरती. ‘नोविन मात्रे’ म्हणजे दुखण्याची गोळी, ‘केम्मिन औषध’ खोकल्याचं, ‘निद्दे मात्रे’ झोपेची. झोपेची गोळी जोडीला असेल तर ती लपवू नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि बाळाचा उतारही लांबतो.

पोलिसांची भीती असते, ती रास्त आहे, पण १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून त्यानं संरक्षण मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. सासूला काय सांगायचं हे बाईनं ठरवायचं. डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. नवऱ्यानं पाच मिनिटं बाहेर थांबून चहा घ्यावा.

गोळ्या कुटून सुईनं घेतल्या जात असतील तर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या पहिल्याच भेटीत.

बदली औषध: ब्युप्रेनॉर्फिन

सवयीच्या गोळीच्या जागी डॉक्टर देखरेखीखाली अफूच्याच जातीचं दुसरं औषध देतात, ते बदली औषध. एका नशेऐवजी दुसरी, अशी यावर नेहमीची टीका असते. टीका करणाऱ्यानं बाळाच्या बाजूनं विचार करून बघावा. दिवसातून चार वेळा चढणारी-उतरणारी गोळी म्हणजे पोटातल्या बाळाला दिवसातून चार वेळा नशा आणि चार वेळा उतार. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दिवसभर एकसारखी पातळी ठेवतं.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर बरीचशी वाया जाते. सुरू करण्याची वेळ महत्त्वाची: आधीची गोळी घेऊन निदान बारा तास झालेले हवेत आणि उताराची सौम्य लक्षणं दिसू लागलेली हवीत. घाई केली तर हे औषध आधीच्या औषधाला रिसेप्टरवरून ढकलून स्वतः बसतं, पण त्याच्याइतकं जोरात काम करत नाही, आणि बाईला अचानक तीव्र उतार येतो. म्हणून पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, घरी कुणाकडून आणून नाही.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर रक्ताचं प्रमाण वाढल्यानं तोच डोस अपुरा पडू लागतो, संध्याकाळी जांभया सुरू होतात. अशा वेळी डॉक्टर डोस वाढवतात किंवा दोनदा विभागून देतात. इथे घरचे हमखास अडवतात: ‘बाळासाठी कमी कर.’ पण आईचा देखरेखीखालचा डोस कमी केला म्हणून बाळाचा उतार कमी होत नाही. कमी डोसानं होतं ते एवढंच, की बाई पुन्हा मेडिकलकडे वळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात मेथाडोनवरच्या आयांच्या बाळांना उतारासाठी सरासरी १०.४ मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, ब्युप्रेनॉर्फिनवरच्यांना १.१. रुग्णालयातला मुक्काम १७.५ दिवसांवरून १० वर आला.

मूळ दुखणं राहतंच, त्याचंही बघा. कंबरेला शेक, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी, फिजिओथेरपी, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून नकोत, आणि विसाव्या आठवड्यानंतर तर मुळीच नकोत. त्यानं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

तपासण्या कधी, आणि त्यांत काय दिसत नाही

अकरा ते पावणेचौदा आठवड्यांत पहिली तपशीलवार सोनोग्राफी, अठरा ते वीसमध्ये अवयवांची. पाठीचा कणा आणि टाळू-ओठ नीट बघायला सांगा, औषधाचं कारण सांगून. मग २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना वाढ मोजणारी सोनोग्राफी, प्रत्येक वेळी डोक्याचा घेर लिहून. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायचा असेल तर तो बदली औषध घेण्याआधी काढून घ्या. डोसनंतर काही तास बाळाची हालचाल आणि ठोक्यांतला चढउतार नैसर्गिकपणे मंदावतो, आणि तो आलेख बघून विनाकारण सिझेरियनची घाई होऊ शकते.

पेशींच्या फांद्या, जोडण्या, मायलिन, यांतलं काहीही सोनोग्राफीत दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे रचना नॉर्मल आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ट्रॅमाडॉलबद्दल स्वतंत्र इशारा: जास्त डोसात त्यानं फिट येते. गरोदर बाईला फिट आली की सगळे रक्तदाबाची फिट धरून चालतात. १०८ च्या माणसांना गोळीचं नाव सांगा, म्हणजे रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन बघून कारण वेगळं करता येतं. बेशुद्ध आहे, श्वास मंद आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर नॅलॉक्सोन (अफूवर्गीय औषधाचा परिणाम उलटवणारं औषध) द्यावंच लागतं, पोटात बाळ असलं तरी.

दोन राज्यं, दोन कार्डं

सीमाभागातली खास अडचण ही. सासर खानापूरला, माहेर चंदगडला. किंवा सासर निपाणीला, माहेर गडहिंग्लजकडे. सात महिने तपासण्या कर्नाटकात, नोंद ‘तायी कार्ड’वर, कन्नडमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात, दुसरं कार्ड, दुसरे डॉक्टर. बदली औषधाची नोंद मनोविकार विभागाच्या वेगळ्या कागदावर असते आणि तो कागद कपाटातच राहतो. माहेरच्या डॉक्टरांना काहीच माहीत नसतं, आईलाही नसतं.

त्यासाठी सातव्या महिन्यात, ओटी भरायच्या आधी, हे करून घ्या. मनोविकारतज्ज्ञांकडून इंग्रजीत एक पत्र: औषधाचं नाव, रोजचा डोस, शेवटचा बदल कधी, कोणती इंजेक्शनं द्यायची नाहीत. इंग्रजीत अशासाठी की बेळगाव, कोल्हापूर, गोवा तिन्हीकडे ते वाचता येतं. त्याच्या तीन प्रती, एक तायी कार्डात शिवलेली, एक नवऱ्याकडे, एक फोनमध्ये फोटो काढून. औषध किती दिवसांचं मिळतं आणि माहेरी कुठून मिळेल, हे तारखेसह ठरवून मगच गाडीत बसा. शक्य असेल तर हे एक बाळंतपण बेळगावलाच होऊ द्यावं, असं आम्ही सुचवू. पहिलटकरणीनं माहेरी जायची रीत बाळ महिन्याचं झाल्यावरही पाळता येते.

प्रसूतीच्या वेळी

बदली औषधाचा रोजचा डोस त्या दिवशीही चालू ठेवायचा. प्रसूतिगृहात कळा कमी करण्यासाठी पेंटाझोसिनचं इंजेक्शन पुष्कळ ठिकाणी सर्रास देतात. ब्युटॉर्फॅनॉल आणि नालब्युफिनही त्याच प्रकारातली. या बाईला ती चालत नाहीत, कारण त्यांनी काही मिनिटांत तीव्र उतार येतो. पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. पाठीच्या कण्यातून दिलेली भूल चालते.

बाळ रडलं नाही तर आधी मास्कनं श्वास द्यायचा. आईला रोजची सवय असेल तर त्या बाळाला नॅलॉक्सोन देऊ नये, झटके येऊ शकतात. ज्या बाईला कधीच सवय नव्हती आणि कळांमध्ये किंवा सिझेरियननंतर एखादं ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन मिळालं, तिच्या बाळाला उतार येत नाही. तिनं हा सगळा लेख स्वतःवर ओढून घेऊ नये.

तिसरा दिवस

पोटात असताना बाळाच्या मेंदूच्या देठातल्या काही पेशी औषधाच्या दाबाखाली काम करायला शिकलेल्या असतात. नाळ कापली की दाब उठतो आणि त्या पेशींतून नॉरअॅड्रिनॅलिनचा लोट सुटतो. म्हणून थरथर, शिंका, घाम, वेगवान श्वास. आतड्यातही तेच रिसेप्टर, म्हणून पातळ शी. रोज औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांपैकी निम्म्याहून अधिकांना हे कमीजास्त होतं.

वेळ औषधावर ठरते. हेरॉइनचा उतार पहिल्या चोवीस तासांत, कोडीन-ट्रॅमाडॉलसारख्यांचा साधारण दीड ते तीन दिवसांत, ब्युप्रेनॉर्फिनचा दुसऱ्या दिवसाच्या आसपास सुरू होऊन तिसऱ्या दिवशी शिगेला. आणि नॉर्मल प्रसूतीनंतर आपल्याकडे घरी सोडतात ४८ तासांनी! बाळ घरी पोहोचतं आणि त्याच रात्री सुरू होतं. म्हणून कोडीन-ट्रॅमाडॉलसारख्या कमी पल्ल्याच्या औषधांसाठी निदान तीन दिवस, ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोनसाठी चार ते सात दिवस दवाखान्यात थांबायचं. ‘बाळ तर ठणठणीत आहे’ म्हणून सही करून निघू नका.

बाळाची थरथर आणि फिट यांत फरक आहे: थरथरणारा हात हलकेच धरला की थरथर थांबते, फिट थांबत नाही. साखर आणि कॅल्शियम कमी झाल्यावरही असंच दिसतं, म्हणून ते आधी तपासतात. उतार मोजण्यासाठी लोरेटा फिनेगन यांनी १९७५ साली केलेली गुणपद्धत अजून वापरात आहे. अलीकडे मात्र साधे तीन प्रश्न विचारतात. नीट पितं का? पाजल्यावर सलग तासभर झोपतं का? दहा मिनिटांत शांत होतं का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत या तीन प्रश्नांच्या पद्धतीनं बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली, जुन्या पद्धतीनं १४.९ दिवसांत. औषध लागणारी बाळंही ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आली.

ती पद्धत म्हणजे मुख्यतः आईची कूस. दिवा मंद, फोन बंद, बघायला येणाऱ्यांना दाराबाहेरूनच नमस्कार. उघड्या छातीवर बाळ. सुती दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळणं, पण पाय कमरेपासून मोकळे. थोडंथोडं, वारंवार पाजणं, कारण ही बाळं जास्त ऊर्जा जाळतात. रोज वजन. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर लगेच सांगायचं. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर थेंबांच्या मापानं मॉर्फिन देतात आणि हळूहळू कमी करतात.

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर असलेल्या आईनं अंगावर जरूर पाजावं. दुधात फार थोडा अंश उतरतो आणि पाजलेल्या बाळांचा उतार सौम्य असतो. पण कोडीन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर नाही. काही बायकांचं यकृत त्यांचं रूपांतर फार वेगानं करतं आणि दुधातून बाळाच्या श्वासावर परिणाम होण्याइतकं औषध जातं. सिझेरियननंतर घरी न्यायच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल लिहिलं असेल तर बदलून मागा.

घरी आल्यावर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रडं जास्त, झोप तुटक, ढुंगणाला पुरळ, हे राहू शकतं. दृष्ट काढा, मीठ-मोहऱ्या ओवाळा, हरकत नाही, पण घड्याळ बघा: दोन तास रडं थांबत नाही, दोन वेळचं दूध चुकलं, ताप आला, अंग ताठ झालं, किंवा बाळ उठवूनही उठत नाही, तर दवाखाना.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवरची ओवा-शेपा-वेखंडाची धुरी या बाळाला नको. श्वास आधीच जलद असतो. सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नको, त्यातलं जायफळ तर नाहीच. जायफळानं गुंगी येते, बाळ शांत दिसतं आणि दूध पिणं थांबतं. बाळाला झोपवायला अफूचा कण चाटवण्याची जुनी चाल कुणी आजी सांगेल, तर ती जागच्या जागी थांबवा. तेल लावायचं असेल तर ओंजळीत कोमट करून, हलक्या हातानं, उतार ओसरल्यावर.

आईची औषधं कुलपात ठेवा. ब्युप्रेनॉर्फिनची एक गोळी रांगत्या मुलाचा जीव घेऊ शकते. आणि आईचा डोस बाळंतपणानंतर आपण होऊन कमी करू नका. झोप नाही, अंग दुखतंय, घरात माणसांची वर्दळ: जुन्या गोळीकडे परत जाण्याचा धोका या काही महिन्यांतच जास्त असतो.

पुढची दोन वर्षं

शिकण्यात, लक्ष देण्यात आणि स्नायूंच्या ताकदीत या मुलांचे सरासरी गुण थोडे मागे आढळतात. पण एकेका मुलात फार फरक असतो, आणि घर शांत, पोट भरलेलं, बोलणारं माणूस समोर असेल तर बरंच भरून निघतं. त्यासाठी मागे पडलेलं लवकर दिसायला हवं. दोन महिन्यांत ओळखीचं हसू, चार महिन्यांत मान धरणं, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं. यांतलं काही हुकलं तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, ते जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्राकडे पाठवतात. डोक्याचा घेर प्रत्येक लसीच्या वेळी टेपनं मोजून कार्डावर लिहून घ्या.

डोळ्यांचं मात्र मुद्दाम बघावं लागतं. या मुलांत तिरळेपणा आणि बुबुळं नकळत हलत राहणं जास्त आढळतं, आणि घरात ते ‘लहान आहे अजून’ म्हणून सोडून दिलं जातं. तीन महिन्यांचं बाळ लाल चेंडूमागे नजर फिरवत नसेल, किंवा सहा महिन्यांनंतरही एक डोळा नाकाकडे वळलेला दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि गरोदरपणातलं औषध त्यांनाही सांगा.